पास्कलकाका प्यायले ते पाणी

"मग तिच्या शेऱ्यात लिहू काय, काका?"

ऋजुतानं ट्रेनिंगच्या मुलीच्या कॉलेजकडून आलेला शेऱ्याचा कागद ओट्यावर ठेवला. पास्कल रुमाव खराट्यासाठी झावळीचे हीर सोलत बसले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

वसईतलं त्यांचं घर शोधत ती बावीस वर्षांनी आली होती. आता एका मोठ्या हॉटेलात ट्रेनिंगला येणाऱ्या साऱ्या मुलामुलींची जबाबदारी तिच्यावर होती.

"प्रणोती नाव तिचं. पाहुण्याच्या वापरलेल्या टॉवेलानं पाण्याचे ग्लास पुसत होती. मी स्वतः पाहिलं! सचोटीवर तीन व्याख्यानं दिलीत मी त्यांना. नियमांवर सह्या घेतल्यात. नापास केलं तर तिचं वर्ष जाईल... पण लिहायलाच हवं ना?"

काका हसले.

"महाबळेश्वरचं आपलं हॉटेल आठवतं?"

न आठवायला काय झालं! धुतलेल्या चादरींचा तो उबदार वास, खिडकीबाहेर धुकं, आणि पास्कलकाकांच्या मागोमाग ट्रॉली ढकलणारी एकोणीस वर्षांची ऋजुता. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, दार वाजवून किती थांबायचं, सगळं त्यांच्याच हाताखाली शिकली ती. मे महिन्यातल्या एका गर्दीच्या दुपारी तिनंही असाच टॉवेल उचलून ग्लास पुसला होता. मागे वळून बघते तो दारात काका.

ते आत आले, त्याच ग्लासात पाणी ओतलं आणि घोट घोट करत सगळं प्यायले.

त्या दुपारी तिनं रडत रडत मजल्यावरचे सगळे ग्लास पुन्हा धुतले होते.

"तेव्हा तुम्ही मला ओरडला का नाहीत, काका?"

"तू तो टॉवेल कुणाचं बघून उचललास?"

इतक्या वर्षांत हे तिनं कुणाजवळ काढलं नव्हतं...

"तुमचं," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक होतं मला."

काकांचे हात थांबले.

"ही प्रणोती आल्यापासून तिच्यासमोर तू किती खोल्या लावल्यास, बाय?"

"मी? मला कुठे वेळ असतो... एकही नाही."

काकांनी कागद उचलला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.

"उद्या एक लाव. तुझा शेरा तिला लिहू दे."