सोनाक्काचं चमचाभर पीठ

आजारातून उठलेल्या महाराजांना तांदळाचं घट्ट खिमट गिळवेना, आणि पाणी घालून पातळ केलं तर अंगात बळ येईना. मुळात डोकं तापट. महिन्याभरात त्यांनी चार आचारी हाकलले होते. आता उरली एकटी सोनाक्का.

"थेंबभरही पाणी न घालता हेच खिमट पातळ कर," महाराजांनी तिला फर्मावलं.

"अशक्य," राजवैद्य म्हणाले.

सोनाक्कानं पातेलं उतरवलं. बोटाला सोसेल इतकं खिमट निवू दिलं आणि मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ त्यात ढवळलं. घटकाभरात खिमटाची धार लागली.

वैद्यांनी तेच पीठ चुलीवर रटरटणाऱ्या दुसऱ्या पातेल्यातल्या खिमटात टाकलं. ते घट्टच राहिलं. "ही चेटूक करते," वैद्य गरजले.

महाराजांचे डोळे लाल झाले. "खरं काय ते सांग."

सोनाक्का पदर सावरून म्हणाली, "महाराज, मोडाच्या पिठात कामकरी असतात. ऊब मिळाली की ते चिमूटभर असूनही पातेलंभर काम उरकतात. वैद्यबुवांनी त्यांना आल्या आल्या उकळत्यात घातलं. मग काम करायला उरणार कोण?"

महाराजांनी पातळ झालेल्या खिमटाची वाटी तोंडाला लावली.

"त्या चौघा आचाऱ्यांना परत बोलवा," ते म्हणाले, आणि तेही हळू आवाजात.