झाडून लख्ख केलेली बाग

फार फार वर्षांपूर्वी, राजेलोक राणीवर जीव टाकत पण तिला काही विचारत नसत, तेव्हाची ही गोष्ट. हसू नका, ऐका!

एका राजाची राणी उत्तरेच्या डोंगरातून आली होती. दर हिवाळ्यात तिच्या माहेराकडून गुलाबी छातीच्या चिमण्या राजाच्या बागेत उतरत. राणी खिडकीशी बसून त्या बघे आणि वर्षभराचं हसून घेई.

त्या वर्षी मात्र राणी आजारी पडली. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. सोळा वैद्य झाले, गुण नाही. राजाचा जीव टांगणीला लागला. त्याला वाटलं, चिमण्या आल्या की ही हसेल. त्यांचं असं स्वागत करू की ज्याचं नाव ते!

झालं! हुकूम सुटला. बाग झाडून लख्ख केली. वाळलेलं गवत उपटलं, राजगिऱ्याची सुकी कणसं कापली आणि चांदीच्या ताटांत बदामाचे लाडू मांडले.

हुकूम ऐकताच म्हातारी माळीण हात जोडून म्हणाली होती, "महाराज, तेवढं वाळलेलं राहू द्या. दरसाल मी ते मुद्दाम राखते."

"अहो माळीणबाई, पाहुणे यायचे आणि दारात केर?" राजा म्हणाला होता.

चिमण्या आल्या. बागेवर दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेल्या. राणीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

राजा धावतच माळिणीच्या झोपडीशी गेला. "माझं चुकलं तरी काय?"

"महाराज, अंगण झाडलंत ते बरंच केलंत. पण पाहुण्यांचं जेवणच केरात गेलं की हो! त्या कणसांतले दाणे खातात त्या. लाडू घेऊन काय करतील?"

माळिणीने कापलेली कणसं छपराखाली जपून ठेवली होती. राजाने स्वतः ती डोक्यावरून नेली, कुंपणाला बांधली आणि राणीला घोंगडीत गुंडाळून खिडकीशी बसला. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या सकाळी एक चिमणी उतरली. मग दहा. मग सगळं कुंपण गुलाबी झालं.

राजाचे डोळे भरून आले. "राणी, तुला काय हवंय हेही मी कधी विचारलं नाही गं. आज विचारतो."

कितीतरी दिवसांनी राणी बोलली. "माझ्या आईला बोलवा. बाकी काही नको."

आई आली. लेकीच्या उशाशी बसून तिने पेज भरवली. होळीच्या आधी राणी बागेत हिंडू लागली. आणि त्या बागेचा एक कोपरा पुन्हा कधी कुणी झाडला नाही.

म्हणून सांगते, ज्याच्यावर जीव आहे त्याला आधी विचारावं, मग द्यावं.