तोंड उघडण्याआधीच जिंकलेलं अपील

अपील लढवण्यात इंदुताई खरवंडीकरांचा हात धरणारा वकील नव्हता, आणि वकिलाला बोलू न देण्यात न्यायमूर्ती दाभाडकरांचा हात धरणारा न्यायाधीश नव्हता.

त्या दिवशी सोनाबाई कुंभारणीची भट्टी पाडायच्या हुकमावर अपील होतं. इंदुताई उभ्या राहिल्या, तोच साहेब गरजले, "फाइल वाचलीय मी. खालच्या कोर्टाचा निकाल बरोबर आहे. बसा!"

इंदुताई हसत खाली बसल्या.

"हसताय काय?"

"खालच्या कोर्टानं आमचं ऐकूनच घेतलं नाही, एवढीच आमची तक्रार होती, साहेब. ते कसं घडलं, हे आपल्याला कसं पटवावं, याचीच चिंता होती."

साहेबांनी चष्मा काढला. "बरं, बोला आता."

"आता काय बोलू? आपणच करून दाखवलंत!"

सोनाबाईची भट्टी त्या संध्याकाळीही पेटली.