न खणलेला हौदा

"...मग खोटं कोण बोलतंय, वस्ताद? तुम्ही का डॉक्टर?"

रंगराव इंगवले तालमीच्या दारातनंच ओरडला. रामराम नाही की काही नाही. पायताण तेवढं काढलं, ते जुन्या सवयीनं.

मौला वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसले होते. डोळ्यांत फुलं पडून त्यांना कैक वर्षं झाली, दिसत काही नाही. त्यांनी मान वर केली नाही. कान तेवढा दाराकडं फिरवला.

"बरोबर कोण आलंय?"

"कोण न्हाई. मी एकटाच हाय. रंगा."

"दोघांचा श्वास येतोय."

रंगरावनं मागं वळून बघितलं. कोपऱ्यात लंगोटाला टाके घालत बसलेलो मी, मीपण बघितलं.

दारात भर दुपारचं ऊन होतं. माणूस नव्हतं.

हा रंगराव म्हणजे आमच्याच तालमीचा पैलवान. एके काळी आख्ख्या तालुक्यात ह्याची पाठ मातीला कोणी लावली नव्हती. मग कुस्ती सुटली. बायपासला धाबा काढला, गल्ल्यावर बसायला लागला. जोर गेले, बैठका गेल्या. खुराक मात्र गेला नाही. सकाळी दुधात वाटीभर तूप, वर बदाम, दोन्ही वेळेला मटण, आणि रश्श्यावर बोटभर तर्री. कोणी काही बोललं तर पोटावर थाप मारून म्हणायचा, पैलवानाचं पोट हाय.

पैलवान कुठला आता? पण तोंडावर कोण बोलणार.

खांद्याला पिशवी होती. ती खाली ठेवेस्तवर धाप लागली त्याला. त्यातनं एकेक बाटली काढून त्यानं काठावर मांडली.

"हे करडईचं, लाकडी घाण्याचं. हे शेंगतेल. हे जवसाचं, डॉक्टरच्या बायकोनं सांगितलेलं. आन हे तूप, घरच्या गाईचं. ह्यातलं कुठलं खरं, तेवढं सांगा, मी चाललो."

"डॉक्टर काय म्हणतोय?"

"लिव्हरवर चरबी चढलीया म्हणतो. रक्तात चरबी. साखर बी वाढलीया. तूप बेतानं, तळण बंद, वनस्पती तूप घरात आणायचं न्हाई. करडई खा म्हणतो, शेंगतेल खा, पर ते बी चमच्यानं." रंगराव हसला. "चमचा दाखवतोय मला! तुम्ही वाटी धरून पाजलंय वस्ताद. तुम्हीच म्हटला, तूप म्हंजे ताकद."

"म्हटलो."

"आन त्यो म्हणतो, मरण."

"त्यो बी खरं बोलतोय."

"दोघं बी खरं कसं?"

वस्तादांनी एकेक बाटली चाचपून बाजूला सारली.

रंगराव जरा वेळ उभा राहिला. मग आपणहून खाली बसला. आवाज एकदम उतरला.

"वस्ताद, दौलू..."

दौलू तोडकर ह्याचा जोडीदार. एका मातीत लोळलेले, एका भांड्यातलं प्यालेले. कुस्ती दोघांनी बरोबरच सोडली. गेल्या चैत्रात दौलू एका लग्नात पंगतीला बसला. भातावर तूप आण म्हणाला, वाटीकडं हात नेला, आणि तसाच वाकलेला राहिला. वाढपी तुपाचं भांडं घेऊन समोर उभा, आणि ह्याचा हात वाटीत. लोकांना वाटलं, चेष्टा करतोय.

"माझा बी तसाच हात राहील, असं वाटतंय," रंगराव म्हणाला. "जेवाय बसलो की वाटतंय. मला भ्या वाटतंय, वस्ताद."

ह्याच्या तोंडून भीती हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. सुई बोटात टोचली माझ्या.

"दौलू त्या दिवशी गेला न्हाई," वस्ताद म्हणाले. "दौलू ह्या तालमीतनं गेला, तवाच गेला. पंगतीला बसला हुता त्यो दुसरा. त्यो पोट भरल्यावर उठला, आन दौलूला पाटावर ठिवून गेला."

"दुसरा कोण?"

"तसलाच. मगाधरनं तुझ्या आडनं श्वास घेतोय."

...

"सदरा काढ," वस्ताद म्हणाले. "म्होरं ये."

पूर्वी मालीश करायचे तसा त्यांनी हात त्याच्या पाठीवर ठेवला. खांदे चाचपले. हात खाली येत येत उजव्या बरगडीखाली आला आणि तिथं थांबला. दाराला कान लावून माणूस उभा राहावा तसा थांबला.

"घामाला तळणाचा वास येतोय, रंग्या."

"धाब्यावरनं आलोय न्हवं. कढई कायम चालू असती."

"तेल कवा बदलतोस?"

रंगरावनं हातातल्या सदऱ्यानं मानेवरचा घाम पुसला.

वस्तादांनी त्याचा हात धरून समोरच्या हौद्यात, लाल मातीत, खुपसला. ही माती पोरं रोज पहाटे खणतात, मग तिच्यात लोळतात.

"कशी हाय?"

"गार. मोकळी." रंगरावनं मूठ नाकाशी नेली. त्याचे डोळे भरून आले, मी बघितलं. "वास अजून त्योच हाय, वस्ताद."

"काय घालतो हिला?"

"तेल, ताक, लिंबू, हळद. मला काय विचारताय?"

वस्तादांनी माझ्याकडं हात केला.

"किल्ली आण. आतल्या हौद्याची."

मी उठलो नाही. खरं सांगतो, मला उठायचं नव्हतं.

तालमीतल्या मारुतीच्या मागच्या अंगाला एक ठेंगणं दार आहे. आत जुना हौदा. नवा हौदा झाल्यावर तो फक्त रंगराव आणि दौलूचा राहिला होता, ते दोघं दुसऱ्या मातीला पाय लावायचे नाहीत. दोघं तालीम सोडून गेले तसं वस्तादांनी कुलूप घातलं. पण दर शनिवारी तेलाचा डबा आणि ताकाची घागर घेऊन एकटे आत जायचे, आणि रिकाम्या हातानं बाहेर यायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारं चळलं. उन्हाळ्यात त्या दारातनं वास यायचा. पोरं तिकडं पाठ करून जोर मारत नसत.

"किल्ली," वस्ताद परत म्हणाले.

मी किल्ली आणून दार उघडलं. वरच्या झरोक्यातनं जरा उजेड येत होता, बाकी अंधार. नाकात खवट वास भरला, तेल चिकटलेल्या जुन्या पणतीचा असतो तसा.

माती मधोमध फुगली होती.

वर पाऊल नाही, रेघ नाही. ताणलेल्या कातडीसारखी चकचकीत. जेवून उताणं पडल्यावर पोट दिसतं ना, तशी.

"हात घाल," वस्ताद म्हणाले.

रंगरावनं बोटं टेकवली. वरची साय फुटली आणि हात मनगटापर्यंत आत गेला. त्यानं लगेच बाहेर ओढला.

"गरम हाय!"

वस्तादांनी पुन्हा त्याच्या बरगडीखाली हात ठेवला.

"ह्याच्यापरास?"

रंगरावनं तेलकट हात मांडीला पुसला.

"हिला काय घालता, वस्ताद?"

"तेच. तेवढंच. त्याच हातानं."

"कशापायी? इथं कोण उतरत न्हाई न्हवं?"

"तू गेलास, आन खुराक बंद केला न्हाईस. मी बी केला न्हाई."

तेवढ्यात मधली माती आपोआप हलली. जरा खाली बसली, बारीक फुस्स आवाज आला, आणि परत वर आली. झोपेत कोणी कूस बदलावी तशी.

रंगरावनं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असेल, मी म्हणेन भास आहे. मी काय म्हणणार? मी बघितलं होतं.

तो धावत बाहेर गेला आणि करडईची बाटली घेऊन आला. एवढं होऊनही डोक्यातनं बाटली जात नव्हती गाढवाच्या.

"हे घालू का? हे चांगलं तेल हाय, डॉक्टर बी म्हणतो. ह्यानं मोकळी हुईल ती."

"चांगलंच हाय ते. ओत."

रंगरावनं ओतलं. तेल त्या साईवर पसरलं आणि तिथंच राहिलं. आत जाईना. फुगलेल्या मातीवरनं हळूहळू कडेला आलं, आणि त्याच्या पायाच्या बोटांशी येऊन थांबलं.

त्यानं पाय मागं घेतला.

"ही सुधरंल का, वस्ताद? का हिची बी येळ गेली?"

वस्तादांनी दारामागं चाचपलं. फावडं निघालं. गंजलेलं, पण दांडा शाबूत. ते त्यांनी रंगरावच्या हातात दिलं.

"मला वाकाय येत न्हाई आता," रंगराव म्हणाला.

"जेवताना वाकतोस न्हवं?"

रंगराव हौद्यात उतरला. घाव घातला. माती चिकटून वर आली, गुळात विळी अडकावी तसं फावडं अडकलं. त्यानं ओढलं. दुसरा घाव घातला, तिसरा घातला, आणि छाती धरून उभा राहिला. सगळं अंग घामानं निथळत होतं. तळणाचा वास त्या खवट वासात मिसळला, कुठला कुणाचा ते कळेना.

"खणू का... बाहेर येऊ?"

वस्तादांनी कान मातीकडं केला होता.

मग रंगरावलाही काही तरी ऐकू आलं असावं. त्यानं तोंड मिटलं, श्वास धरला. छाती हलायची थांबली त्याची, समोर बघत होतो मी.

मीही श्वास धरला. वस्ताद तर दगडासारखे.

...

तरी मातीतनं श्वास ऐकू येत होता. जड, संथ. पोटभर जेवलेल्या माणसाचा.

"वस्ताद..." रंगरावनं फावडं छातीशी धरलं. "ह्यो उठला तर?"

वस्ताद काठावर ओणवे झाले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"हळू बोल. अजून झोपलाय. त्यो उठायच्या आत खण."