कातळजाईची पालखी सावकाश का चढते

ही समोर दिसते ती कातळजाईची वाट. जांभ्या दगडाच्या एकशे चाळीस पायऱ्या. तरणा माणूस पाव तासात वर जातो. जत्रेला देवीची पालखी मात्र सकाळी निघते ती दुपारी पोचते. याला कारण गोजराबाई सुईण, असे सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा पालखीचा मान राघोजी मानकऱ्याकडे होता. पालखी पळवत वर न्यायची, याची त्याला भारी घमेंड. काठी टेकत चढणाऱ्या म्हाताऱ्या वाटेत येतात, म्हणून एका वर्षी त्याने हुकूम काढला : काठीवाल्यांनी पायथ्यालाच हात जोडावेत.

गोजराबाईचे दोन्ही गुडघे गेलेले. पण नातसून अडली होती तेव्हा तिने देवीला शब्द दिला होता, ‘दोन्ही जीव सुखरूप सुटले तर वर येऊन माझ्या हाताने तुझी ओटी भरीन.’ आणि बाळ-बाळंतीण सुखरूप होती. मग शब्द मोडायचा कसा? जत्रेच्या दिवशी पहाटेच ती काठी घेऊन निघाली. तिला पाहून आणखी सहा जणी निघाल्या. चार पायऱ्या चढायच्या, टेकायचे, पुन्हा चार. निम्म्या वाटेवर होत्या, तोच मागून ढोल वाजले.

“बाजूला व्हा!” राघोजी ओरडला.

“कुठे होऊ? इकडे कातळ, तिकडे दरी,” गोजराबाई म्हणाली. “उडता आलं असतं तर काठी कशाला घेतली असती?”

राघोजीने भोयांना तसेच पुढे घुसायला सांगितले. आणि तिथेच, म्हणे, पालखी शिळेसारखी जड झाली. टेकली ती आठ जणांना बोटभर उचलेना. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना फुले चिकटवून कौल लावला. उजवे फूल पडले तर होकार, डावे पडले तर नकार.

“म्हाताऱ्यांना खाली धाडू?” डावे पडले.

“बकरा हवा?” डावे.

“नवं लुगडं?” तेही डावेच.

“अरे, तिला विचार,” गोजराबाई म्हणाली, “आमच्या मागून सावकाश येतेस का?”

प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवे फूल पडले. पालखी सुपासारखी हलकी झाली.

राघोजी तरी ऐकतो थोडाच! पुढच्या रुंद वळणावर तो भोयांच्या कानात पुटपुटला, “काढा पुढे.” त्याने स्वतःही दांडीला खांदा लावला, तोच पालखीचा भार असा पडला, की त्याचाच गुडघा कट्‌कन वाजला आणि तो पायरीवर बसला. गोजराबाईने आपली काठी त्याच्या हातात दिली आणि स्वतः त्याचा खांदा धरला.

“चल. लहानपणी पहिल्यांदा उभा राहिलास तेव्हाही असाच थरथरत होतास,” ती म्हणाली. “तेव्हा मी हसले नव्हते. आज हसते.”

अशी दोघे वर गेली. तिने ओटी भरली. राघोजीने देवीपुढे डोके टेकवले. मग उठवेना, तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी धरून उठवले.

आजही जत्रेला काठीवाल्या बाया पुढे आणि पालखी मागे असते. त्या बसल्या की ढोल थांबतात, भोई थांबतात, देवीही थांबते. मात्र दर वेळी त्या दमलेल्याच असतात असे नाही. पुष्कळदा बोलणे संपलेले नसते.