ताटातल्या गोळ्या

कडगावच्या चर्चला बरेच महिने उपासना चालवणारा पाळक नव्हता. त्यामुळे शहरातून आलेल्या ब्रदर नहेम्या या प्रचारकाला व्यासपीठ आयतंच मिळालं.

"ज्याचा विश्वास खरा, त्याला औषध लागत नाही," तो म्हणाला. "आपापल्या गोळ्या या ताटात टाका."

माणसं उठली. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं ताटात पडू लागली. एकट्या दीनाबाई साळवे बाकावर बसून राहिल्या.

"बाई, तुमचा देवावर विश्वास नाही?" ब्रदरनं सगळ्यांदेखत विचारलं.

दीनाबाई सावकाश पुढे आल्या. "आहे ना. मीही टाकते गोळ्या. आधी तुम्ही तुमचा चष्मा ताटात ठेवा आणि बायबलातली एक ओळ वाचून दाखवा."

ब्रदरचा हात चष्म्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. थोड्या वेळानं एकेक जण खाली मान घालून आपलं पाकीट उचलू लागला. ब्रदर दुपारच्या एसटीनं निघून गेला.

घरी जाताना शेजारच्या एस्तेरनं विचारलं, "बाई, ऐनवेळी कसं सुचलं तुम्हाला?"

"ऐनवेळी कुठलं गं. आमच्या ह्यांनी अशाच एकाचं ऐकून गोळ्या सोडल्या. ते गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. तेव्हापासून त्या माणसाला काय विचारायला हवं होतं, तेच एकटी बसून ठरवत होते."