कपाळाचा रंग

"मास्तर, एवढंच सांगा. कोणता कॉम्प्युटर घेऊ?"

खुंटीवरचा एक राखाडी सदरा काढून मुजावर मास्तरांनी पाहुण्याच्या हातात दिला.

"आधी हे घाला. तुमचा शर्ट लाल हाय."

सुहृद साठ्ये पुण्याचा नावाजलेला डिझायनर. रंगातलं आपल्याला कुणी शिकवू नये, असं तो स्वतःच सांगत असे, आणि लोकही वाद घालत बसत नसत. पण या वेळी त्याच्या छापखानेवाल्यानेही हात टेकले. "मिरजेला मुजावर मास्तर आहेत," तो म्हणाला. "पन्नास वर्षं शाई जुळवण्यात गेली त्यांची. त्यांना विचारा."

साठ्येने सदरा चढवला. जरा नाराजीनेच.

खोलीच्या भिंती राखाडी, पडदा राखाडी, टेबलही राखाडी. शेजारी भडक रंग असला की त्याची झाक कागदावर पडते, म्हणून रंग पारखणारे अशी खोली करतात. साठ्येला हे ठाऊक होतं. तरी दिव्याखाली त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं आणि त्याने ते टेबलाखाली घेतले. ते कुणा दुसऱ्याचे वाटत होते.

"आता बोला."

"माझ्याकडचा स्क्रीन एक रंग दाखवतो, छापून दुसराच येतो. दोन मशिनं बदलली. आता डेस्कटॉप घ्यायचाय, एकदाच आणि शेवटचा. मोठा स्क्रीन, वेगळं ग्राफिक कार्ड, रंग मोजायचं यंत्र. दोन नावं काढलीत. त्यातलं कुठलं, ते सांगा."

"कॉम्प्युटरचा पडदा आपल्या पोटातला उजेड दाखवतो," मास्तर म्हणाले. "कागद दुसऱ्याचा उजेड घेतो. दोघं एक व्हायचे न्हाईत. छापायचंय काय?"

साठ्येने पिशवीतून एक छापील प्रत काढून दिव्याखाली ठेवली. साठीकडे झुकलेल्या माणसाचा चेहरा होता.

"माझे वडील. अण्णा. मंगळवारी वर्षश्राद्ध आहे. त्यांच्या आठवणींची पुस्तिका काढतोय, हे मुखपृष्ठ."

मास्तर वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"छपाई चोख हाय. एक ठिपका इकडचा तिकडं न्हाई."

"तेच तर," साठ्ये म्हणाला. "आणि आई म्हणते, हे आपले नव्हेत."

"पयल्यापासनं?"

"पहिल्या प्रतीपासून. म्हणते, हा माणूस माझ्याकडे ओळख नसल्यासारखा बघतो. दिवेलागणीला प्रत भिंतीकडे तोंड करून ठेवते." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "पाच प्रती झाल्या, मास्तर. प्रत्येक वेळी रंग थोडा थोडा सुधारला. कालची पाचवी. ती बघून आई म्हणाली, 'असतील. असेच असतील.' म्हणजे जवळ आलोय मी. आता केसाएवढंच राहिलंय. म्हणून चांगलं मशीन हवं."

मास्तरांनी मान वर केली.

"काल म्हणाल्या? असेच असतील?"

"हो."

"...काय करायचे वडील?"

"पाटबंधारे खात्यात होते. ओव्हरसिअर. सगळी नोकरी कालव्यावर, उन्हात."

"डोक्याला काय?"

"टोपी असायची. घेराची."

"मग कपाळ आन् गाल एका रंगाचे कसे?"

साठ्येला प्रश्न बाळबोध वाटला. "फोटोत नव्हतेच एका रंगाचे. कपाळ भुवयांपर्यंत पांढरं, खाली चेहरा रापलेला. मधोमध रेघ. कुणी अर्धा चेहरा धुऊन ठेवलाय असं दिसायचं. ते मी सगळ्यात आधी दुरुस्त केलं."

"मूळ फोटो बघू."

साठ्येने प्रतीची कड बोटाने सरळ केली.

"त्याच फाइलवर काम करत गेलो," तो शेवटी म्हणाला. "चुकीचा रंग जपून ठेवायचा कशाला, असं वाटलं."

शिकाऊ पोरसुद्धा मूळ फाइल बाजूला ठेवतं. ही चूक ज्याला आपला हात कधी चुकत नाही असं वाटतं, त्याच्याच हातून व्हायची.

"दुसरा एखादा?"

"अण्णा फोटोला उभे राहत नसत. हा एकच. व्हरांड्यात, टोपी नुकतीच काढलेली. मीच काढला होता."

खालच्या मजल्यावर चालू असलेलं छपाईचं यंत्र थांबलं. ते चालू होतं हे साठ्येला आत्ता कळलं. टेबलावरचा चेहरा त्याच्याकडे बघत होता. सगळ्या बाजूंनी सारखा, स्वच्छ, एका रंगाचा.

"रेघ परत घालता येईल," साठ्ये घाईने म्हणाला. "अवघड नाही. कपाळ किती पांढरं, रेघ नेमकी कुठे, एवढं कळलं की झालं. मला आठवतं ना सगळं."

"मग डोळे मिटा," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"मिटा."

त्याने मिटले.

"वडील दिसतात?"

"दिसतात."

"कुठं हाईत?"

"व्हरांड्यात. कालव्यावरून आलेत. पायरीवर बसलेत, चपला काढतायत." साठ्येचा आवाज मऊ झाला. वर्षभरात तो असा बोलला नव्हता. "आईने पाणी आणून ठेवलंय. त्यांनी टोपी काढली. पंच्याने तोंड पुसतायत."

"कपाळ बघा."

साठ्येने मान किंचित पुढे केली.

"पुसून झालं?"

"झालं."

"रेघ कुठं हाय?"

...

"साठ्येसाहेब?"

"थांबा जरा," तो म्हणाला. त्याने डोळे आणखी घट्ट मिटले. मग दुसरं आठवून पाहिलं. अण्णा जेवायला बसलेले. अण्णा सायकल पुसताना. त्याच्या मुंजीतले अण्णा, तीस वर्षांपूर्वीचे, केस काळेभोर. तो एकेकाला वळवून तोंड बघत होता.

सगळ्यांचं कपाळ गालाच्या रंगाचं होतं. सगळे पाचव्या प्रतीतले होते.

त्याने डोळे उघडले. पुण्याचा तो नावाजलेला माणूस राखाडी सदऱ्यात लहान मुलासारखा भ्याला होता आणि त्याने ते लपवलं नाही.

"मास्तर, ते नाहीत तिथे. तिथे सगळीकडे... हाच आहे."

मास्तरांनी टेबलावरची प्रत पालथी घातली. तिच्यावर तळहात दाबून धरला, कुणाला उठू देत नसल्यासारखा.

"मला भीती वाटतेय," साठ्ये म्हणाला. "काय करू मी? कोणतंही मशीन सांगा. कितीचंही."

मास्तरांनी तळहात तसाच ठेवला.

"मशीन कुठलंबी घ्या," ते म्हणाले. "पण अण्णा आता फकस्त तुमच्या आईंजवळ हाईत, आन् कालपासनं तिथंबी पुसट व्हाय लागलेत. त्यांना ह्यो कागद परत दावू नका."